दोन हजार रुपयांचा चिखल

मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीने वाढदिवसाची भेट म्हणून मला एका पॉटरी वर्कशॉपला पाठवलं. रविवारची सकाळ, दोन तास, माणशी दोन हजार रुपये आणि नाव 'क्ले थेरपी'. एप्रन, संथ संगीत, कोपऱ्यात उदबत्ती. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की माती आपल्यातली नकारात्मक ऊर्जा शोषून घेते. ते ऐकलं आणि मी मनातल्या मनात दोन हजारांत काय काय आलं असतं याचा हिशोब मांडायला लागले.

मग चाक फिरलं आणि हिशोब राहून गेला. हे कबूल करायलाच हवं. मातीचा गोळा चाकाच्या नेमक्या मध्यावर बसवणं ही पहिलीच परीक्षा. तो जरा जरी कलता असला तरी प्रत्येक फेऱ्याला तळहाताला ढुशी देतो. कोपर मांडीला टेकवायचं, डाव्या तळव्याने बाजूने रेटायचं, उजव्याने वरून दाबायचं. दहा मिनिटं मी त्या गोळ्याशी झोंबत होते. मग ढुश्या थांबल्या. चाक फिरतंय, माती फिरतेय आणि हाताखाली मात्र काही हलत नाहीये, असं झालं. तेवढा वेळ मला ना आईच्या गोळ्यांची वेळ आठवली, ना फोन. पुढे अंगठा आत घालून भिंत वर उचलायला गेले तर सगळं डुगडुगलं आणि बसलं. मला हसू आलं. स्वतःच्या चुकीवर मी शेवटची कधी हसले होते, आठवत नाही.

त्या दिवशी आम्हाला खरं शिकवलं ते कोपऱ्यात बसलेल्या पन्नाशीच्या माणसाने. बाई बोलत होत्या तेव्हा तो माती मळून तिचे सारखे गोळे पाडत होता. कोणाचं भांडं वाकडं व्हायला लागलं की उठून यायचा, दोन बोटं आतून, दोन बाहेरून लावायचा आणि भांडं मुकाट्याने उभं राहायचं. सगळे त्याला 'दादा' म्हणत होते. नाव कोणी सांगितलं नाही, मीही आधी विचारलं नाही. हात धुताना बोलणं निघालं. घराणं कुंभाराचंच, गावाकडे अजून चाक आहे, इथे रविवारची हजेरी सहाशे. मी विचारलं, "चाकावर बसलं की तुमचंही मन शांत होतं का हो?" तो म्हणाला, "ताई, इथलं काम नसेल त्या रविवारी होतं."

आम्ही आठ जण होतो. आठ दुणे सोळा हजार, त्यात सहाशे. जागेचं भाडं असतं, भट्टीचा खर्च असतो, मान्य. पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मातीने माणसाला बरं वाटतं, याबद्दल माझी तक्रार नाही. ते कोणाला मिळतं, कोणाच्या कसबावर मिळतं आणि कोणत्या नावाखाली विकलं जातं, याबद्दल आहे.

बरं वाटतं याला थोडाफार पुरावाही आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना पाऊण तास माती, रंगीत पेनं, कागदाची चिकटकामं यांपैकी हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताणाशी निगडित असलेलं हे संप्रेरक सुमारे तीन चतुर्थांश जणांत उतरलेलं आढळलं, आणि आधी कलेचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. हा आकडा पॉटरीच्या जाहिरातींत आवडीने वापरला जातो. त्यात दोन गोष्टी गाळल्या जातात. एक म्हणजे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल सकाळनंतर तसंही उतरत जातं. दुसरं, तो अभ्यास निव्वळ मातीचा नव्हताच. त्यापेक्षा हाँगकाँगमधलं काम मला जास्त भरवशाचं वाटतं. तिथे नैराश्याच्या १०६ रुग्णांचे दोन गट केले. एकाला सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास मातीकाम, दुसऱ्याला चित्रकला. मातीच्या गटात नैराश्याची लक्षणं अधिक कमी झाली. पण तिथे माती रुग्णांच्या चालू उपचारांसोबत, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली दिली होती.

याउलट उंदरांची गोष्ट. मातीत 'आनंदाचे जीवाणू' असतात, असं वाचलं असेल. २००७ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी मायकोबॅक्टेरियम व्हॅकी हा मातीतला जीवाणू उंदरांना टोचून त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या, म्हणजे मनःस्थितीशी निगडित रसायनाच्या, पेशी उत्तेजित झाल्याचं दाखवलं, हे खरं. तो जीवाणू मारून टोचला होता आणि टोचला होता उंदरांना. चाळलेली, गाळलेली, प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन आलेली माती थापून आपल्या मेंदूत काय होतं, याच्याशी त्याचा संबंध जोडणं म्हणजे बादरायण संबंध. तसं मातीने बरं करण्याचं वेड आपल्याकडे नवं नाही. गांधीजींना मातीच्या पट्टीचं केवढं अप्रूप! १९४६ साली त्यांनीच उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. पण ती पोटावर ठेवायची माती. इथे प्रश्न हातातल्या मातीचा आहे.

हातातल्या मातीचं मला जे खरं कळलं ते आईमुळे. पक्षाघातानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं मिटून बसली होती. रुग्णालयातल्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मुलीने तिला दाबायला रबरी पुट्टी दिली. आई हात लावेना. "हे काय रबर चिवडत बसायचं?" तिसऱ्या दिवशी त्या मुलीने डब्यातून कणकेचा गोळा आणला आणि नुसता समोर ठेवला. आईची बोटं आपणहून त्यात गेली. चिमटी निघेना, पण अंगठ्याने ती लाटी करू बघत होती. पुढे गणपतीच्या दिवसांत मी शाडू आणला. गणपती करायचा म्हणून दिला, तर तिने केली चूल. तीन उंचवटे, पुढे तोंड आणि बाजूला वैलसुद्धा! सत्तर वर्षांपूर्वी अंगणात भातुकलीला केली असेल तशीच. वाळल्यावर तिला तडा गेला तर म्हणाली, "लीद घातली नाहीस ना."

ही मुलगी जे करत होती त्याला थेरपी म्हणतात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम असतो त्याला. कोणत्या स्नायूला काय हवं, कधी थांबायचं, रुग्ण हात का लावत नाही, हे तिला कळत होतं. ही विद्या महाराष्ट्रात नवीन नाही. आशियातलं पहिलं व्यवसायोपचार विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर झालेल्या या बाईंचं नाव आज किती जणांना ठाऊक असेल? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालयं आपल्याला फक्त टोमण्यांपुरती आठवतात. पण रुग्णाच्या हाताला काम देणं हा तिथल्या उपचाराचा जुना भाग आहे. दोन तासांच्या रविवारच्या मजेला तेच नाव लावलं की त्या कामाची किंमत उतरते. शिवाय धोका असतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. (सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. असता तरी आपली मान फार ताठ राहिली असती असं वाटत नाही.) अशा देशात झोप उडालेला, जेवण तुटलेला माणूस डॉक्टरकडे जाण्याऐवजी चाकावर जाऊन बसला आणि दोन तास बरं वाटलं म्हणून त्याने पुढचे चार महिने ढकलले, तर? वर्कशॉपला वर्कशॉप म्हणा. छंद म्हणा. कशाचं औषध ठरला नाही म्हणून छंद कमी होत नाही.

मग दादाला का शांत वाटत नाही? माती तीच, चाक तेच. माझ्या मते बरं वाटण्याचं कारण मातीच्या रसायनात शोधून सापडणार नाही. माझं भांडं बसलं तेव्हा काहीही बिघडलं नाही. गोळा करून परत चाकावर टाकला. दिवसभरात मी करते त्या बाकी सगळ्या गोष्टींत चुकीची नोंद राहते. मेल गेला की गेला, बोललेलं शब्दाला शब्द लोकांच्या लक्षात राहतं. ओल्या मातीत राहत नाही. दादाच्या भांड्याचं तसं नसतं. त्याचं भांडं वाळताना चिरलं तर दिवस गेला, आव्यात, म्हणजे भट्टीत, फुटलं तर लाकूड गेलं, पाऊस आधी आला तर महिना गेला. वाळलेल्या मातीची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. धारावीच्या कुंभारवाड्यात, जिथे सौराष्ट्रातून आलेली कुंभार घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे भट्टीत कापडाच्या गिरण्यांचा टाकाऊ कापूस आणि चिंध्या जाळतात. तो धूर घराच्या दारातच असतो. त्यांना कोणी 'माती तुमचा ताण शोषून घेते' असं सांगून बघावं.

मराठीत या तल्लीनतेची सगळ्यांत मोठी गोष्ट गोरोबाकाकांची. तेरच्या या कुंभाराने संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं ते सांगितलं आणि नामदेव रुसले, ही कथा आपण हसत सांगतो. दुसरी सांगताना आवाज खाली जातो. नामस्मरणात देहभान विसरून माती तुडवताना त्यांचं तान्हं मूल पायाखाली आलं. कीर्तनकार पुढे विठ्ठलाच्या कृपेने ते मूल परत आणतात. मला मात्र नेहमी त्यातली आई दिसते. ती पाण्याला गेली होती, मुलाकडे लक्ष ठेवा सांगून. चिखलात हरवून जायला निवांतपणा लागतो, आणि एकाच्या निवांतपणासाठी दुसऱ्या कोणाला तरी मुलाकडे बघावं लागतं. त्या रविवारी मी चाकावर बसले होते तेव्हा आईजवळ माझी वहिनी होती. आम्ही आठ जणांत सात बायका होतो. आणि बहुतेक कुंभारघरांत बायका माती चाळतात, कालवतात, भांडी घोटतात, रंगवतात, डोक्यावर घेऊन बाजारात नेतात, पण चाकावर बसायचं मात्र पुरुषाने, असा रिवाज चालत आला. दादाची बायको कधी बसली असेल का चाकावर? ते विचारायचं राहिलंच.

चिखल हा विकत घ्यायचा पदार्थ कधी झाला, हेही बघण्यासारखं आहे. माझ्या पिढीला माती फुकट होती आणि वर्षाला बांधलेली होती. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला नाग, घटस्थापनेला परडीतली माती, संक्रांतीला सुगडं. आणि दिवाळीचा किल्ला! सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून धावत यायचं, दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल थापायचा, अळीव पेरायचे. बुरूज ढासळायचा, त्यावरून भांडणं व्हायची, परत थापायचा. भाऊबीजेनंतर पाण्याचा पाइप सोडून सगळं पाडण्यातही केवढा आनंद! मुलांसाठी याहून चांगली शाळा कोणी काढली आहे, असं मला वाटत नाही. आज आमच्या सोसायटीत कुंपणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा आमच्या फाटकावर अभिनंदनाचा फलक लागला. त्याच फाटकाच्या आत मुलांनी चिखल केला म्हणून दोन घरांना समज देणारं पत्र गेलं होतं.

एक गोष्ट अजून टिकून आहे, आणि तिला थेरपी म्हणायचं कोणालाही सुचलेलं नाही. शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा. ऑगस्ट आला की शाळांत, वाचनालयांत, मंगल कार्यालयांत पोरंटोरं, आजोबा, नोकरदार सगळे एका ओळीत बसून सोंड वळवतात. फी असली तर मातीपुरती. सोंड गळून पडते, शेजारचा लावून देतो. आणि जे केलं ते भट्टीत जात नाही, फडताळात मांडून ठेवलं जात नाही. दीड दिवसाने, पाच दिवसांनी बादलीत विरघळतं. वर्कशॉपमध्ये माझं वाकडं वाडगं भाजून, चकाकी देऊन तीन आठवड्यांनी घरी आलं, कुरिअरचे वेगळे पैसे घेऊन. ते आता मला दर सकाळी आपलं वाकडेपण दाखवतं. शाडूचा गणपती असा छळत नाही.

तर मागणी काय? फार मोठी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलेलंच आहे की सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं. सुतार, माळी, कुंभार, कलावंत, अशी नावंही तिथे दिली आहेत. कुंभार त्यात छापील आहे. मग जिथे कुंभार आहे तिथल्या शाळेने त्याला बोलवावं, आणि बोलवावं ते पाहुणा म्हणून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवायला नाही, तर शिक्षक म्हणून, तासाचं मानधन देऊन. भट्टी नको, चाकसुद्धा नको. अंगठ्याने गोळा दाबून वाटी करायला एक पोतं माती, बादलीभर पाणी आणि जुनी वर्तमानपत्रं लागतात. न भाजता वाळवायचं, बघायचं, परत भिजवायचं. म्हणजे धूर नाही, आणि मार्कांचा प्रश्नही नाही. हेच वृद्धाश्रमांत, हेच रुग्णालयांच्या व्यवसायोपचार विभागांत, तिथल्या तज्ज्ञाच्या सांगण्याप्रमाणे.

सरकारला कुंभार आठवत नाही असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात कुंभार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत स्वस्त कर्ज. खादी ग्रामोद्योगाने विजेवरची चाकं वाटली. वाईट काही नाही त्यात. पण या सगळ्यात कुंभार हा शिकणारा आहे, कर्ज घेणारा आहे, जास्त मडकी करून विकणारा आहे. स्टीलचं पिंप आणि फ्रिज घरोघर असताना ती जास्तीची मडकी कोण घेणार? कुल्हडातल्या चहाच्या लाटेवर किती दिवस काढणार? त्याच्याकडे जे खरोखर दुर्मीळ आहे, म्हणजे डगमगणारं भांडं दोन बोटांनी सावरण्याची जाण, ती विकत घ्यायला योजनेत खानाच नाही. तो खाना रविवारच्या वर्कशॉपवाल्यांनी ओळखला. त्यांच्यावर माझा राग एवढाच की त्यांनी तो सहाशेत भागवला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एका मित्राने तो मला तोंडावर सुनावला. "कुंभाराच्या पोराला परत मातीतच बसवायचंय का तुम्हाला? बाराबलुतेदारी गोंडस कपड्यांत आणू नका." तो स्वतः कुंभार घरातला, बँकेत अधिकारी. त्याच्या आजोबांना सुगीत धान्याची पाटी मिळायची ती उंबऱ्याबाहेर, उरलंसुरलं. गावात मयत झालं की घरातली जुनी मडकी फेकून नवी आणायची रीत होती. त्यामुळे आजी म्हणायची, आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते एकतर लग्नाचं नाहीतर सुतकाचं. आपली भाषाही बघा ना: मातीमोल, माती खाणे, आयुष्याची माती होणे, मातीला जाणे. अशा भाषेत वाढलेल्या मुलाने मातीकडे पाठ फिरवली तर त्याला दोष कसा देणार?

त्याचं म्हणणं मी मानते, अर्धं. कुंभाराच्या मुलाने कुंभार व्हावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. त्याने बँकेत जावं, आणि बँकवाल्याच्या मुलीला वाटलं तर तिने चाकावर बसावं. पण आज पन्नाशी-साठीत असलेले जे लोक ही विद्या हातात घेऊन बसले आहेत त्यांना शिक्षकाचा दर्जा आणि शिक्षकाचा पैसा मिळाला, तर बलुतं मोडतं असं मला वाटतं. बलुत्यात कसबाला ठरलेला भाव नव्हता, कोणी काही शिकायला येत नव्हतं आणि 'सर' तर कोणी म्हणतच नव्हतं. मित्राला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, मानधनाची बिलं जिल्हा परिषदेत सहा महिने अडकतील तेव्हा तुझा कुंभार-सर परत वीटभट्टीवर जाईल. यावर मला उत्तर सुचलेलं नाही, कारण असं होतं हे दोघांनाही माहीत आहे.

तोवर मी आमच्याच आवारात एक लढाई लढतेय. सोसायटीच्या सभेत मी अर्ज दिला की मागच्या भिंतीलगतचे दहा बाय दहा फुटांतले पेव्हर ब्लॉक काढावेत, म्हणजे मुलांना दिवाळीत किल्ला करता येईल. सेक्रेटरी म्हणाले ड्रेनेज तुंबेल. खजिनदार म्हणाले डास होतील. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र विचारलं, किल्ला कोणता करणार? त्यावर अर्धा तास चर्चा झाली, राजगड की सिंधुदुर्ग, आणि त्या गडबडीत ठराव मंजूर झाला. अट एकच, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन द्यायचं. मी दादाला फोन करून ठेवलाय, पणत्या शिकवायला याल का म्हणून. त्याने तासाचे किती देणार ते विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला बायकोलाही आणतो. आता प्रश्न मातीचा आहे. ब्लॉक काढले तर खाली निघालं काँक्रीट, आणि नर्सरीवाला लाल मातीच्या पोत्याला अडीचशे सांगतोय, वर टेम्पो वेगळा.